फाटलं की उसवलं

"फाटला, एवढंच लिही," धाकटा म्हणाला. "एका शब्दाचं काम आहे, ताई."

ताईने मशीनवरचा अर्धा शिवलेला पडदा बाजूला सारला आणि भावाचा वर्दीचा शर्ट मांडीवर घेतला. उद्या अकराला त्याची चौकशी होती. साहेबांनी बजावलं होतं, शर्टाचं काय झालंय ते शिंप्याकडून लिहून आण, अहवालाला जोडू, आणि शिवून घे, उद्या नीट दिसायला हवास. शिंपी घरचीच. दुकान बहिणीचं, शिक्काही बहिणीचा.

अहवालात असं होतं, की परवा चौकात त्याने सामान पोचवणारी एक गाडी अडवली. कागद मागितले. चालकाने हुज्जत घातली, त्याची बाही धरून ओढली, आणि नाइलाजाने थोडं बळ वापरावं लागलं. थोडं म्हणजे चालकाचं मनगट मोडलं होतं. अहवाल खरा धरला तर पोलिसाच्या अंगावर हात टाकला म्हणून चालक आत जाणार, लायसन्स तर गेलंच. खोटा ठरला तर धाकट्याची नोकरी.

सकाळपासून दुकानात हेच दळण चालू होतं. आई बाकावर बसून काज-बटणं करत होती. तिचं म्हणणं, पोर आठ-आठ तास धुरात उभं असतं, येणारा-जाणारा काच खाली करून शिव्या घालतो, शेवटी तोही माणूसच. ताईचा नवरा शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी वर्ग मिळत नाही म्हणून घर धरायचा. त्याचं म्हणणं, बळ किती वापरायचं याला कायद्यात मोजमाप आहे, आणि गाडीत बसलेल्या माणसाचं मनगट मोडेपर्यंत धोका कोणाला होता, हा मुद्दा क्रमांक दोन. आई म्हणाली, जावईबापूंनी एकदा चौकात उभं राहून बघावं. नवरा म्हणाला, वीस वर्षं चाळीस-चाळीस पोरांपुढे उभा आहे, एकाचंही मनगट मोडलं नाही. आई म्हणाली, पोरं तुमच्याकडे बघतच नाहीत, तुम्ही मोडाल कशाला.

दोघंही मधूनमधून ताईकडे वळून म्हणत, तूच सांग. शर्टाला मात्र कोणी हात लावला नव्हता.

ताईने तो उलटा केला. खांद्याची शिवण जागच्या जागी. बाहीचा एकही धागा ओढला गेला नव्हता. फक्त उजव्या काखेत चार बोटं शिवण सुटली होती. थंडीतच तिने सांगितलं होतं, पोट सुटलंय तुझं, शर्ट दे, काखेत कळी घालते. चौकोनी तुकडाच तो, पण हात मोकळा फिरतो. तेव्हा याला वेळ नव्हता.

"बाही कुठे धरली त्याने?"

"इथे, मनगटाशी."

"आणि ओढली."

"जोरात."

ताईने एका हाताने शर्टाचा खांदा धरला आणि दुसऱ्याने बाही मनगटाशी पकडून खाली खेचली. खांदा ताणला गेला. काखेतली सुटलेली शिवण ओठ मिटावेत तशी मिटली.

बटणाची सुई थांबली.

"ओढलं की फाटतं, आणि फाटलं असतं तर इथे, खांद्यावर," ताई म्हणाली. "हे उसवलंय. काखेत कधी उसवतं, हात वर गेला की."

नवऱ्याने तोंड उघडलं. "तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. तो जिंकणार होता आणि ते तिला आत्ता बघवलं नसतं.

"एका शब्दाने काय होतंय," आई पुटपुटली. "फाटलं काय नि उसवलं काय."

"हे तू म्हणतेस?"

फाटणं हे कापडाचं दुखणं, उसवणं हे दोऱ्याचं, हे ताईला आठव्या वर्षी आईनेच शिकवलं होतं, आणि चुकल्यावर पट्टीने बोटंही शेकली होती. आईने मान खाली घातली आणि सुई भलत्याच काजात घुसवली.

"तो उतरतच नव्हता, ताई," धाकटा म्हणाला. "तीनदा सांगितलं मी. तीनदा."

"मग?"

तो स्वतःच्या काठी धरणाऱ्या उजव्या तळव्याकडे बघत राहिला.

ताईने पावतीपुस्तक ओढलं. उजव्या काखेत शिवण चार बोटं उसवलेली, कापड कुठेही फाटलेलं नाही, असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि शिक्का मारला.

"हवं तर दुसरा शिंपी बघ," ती म्हणाली. "तो लिहील फाटला म्हणून. आधी फाडूनही त्याच्याकडूनच घे."

चिठ्ठी टेबलावर पडून राहिली. ताईने काखेत दुहेरी शिलाई मारली, दोन्ही टोकांना उलट टाके दिले.

"कळी घाल ना आता," धाकटा हळूच म्हणाला.

"नाही."

"हात वर होत नाही गं त्याच्यात."

"मला माहीत आहे." तिने दातांनी दोरा तोडला.

त्याने शर्ट चढवला, बटणं लावली. टोपी दाराच्या वरच्या खुंटीला होती. तो ती घ्यायला गेला. हात खांद्यापर्यंत आला आणि अडला. शिवण तटतटली, पण टाका सुटला नाही. मग त्याने हात खाली आणला, टेबलावरची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

"टोपी तेवढी काढून दे, ताई," तो म्हणाला.