बिनतिकिटाचं पाकीट

"आठ रुपये पडतील, आबा," भिमाजी पोस्टमन सायकलवरून न उतरताच म्हणाला. "ह्याला बी तिकीट न्हाई. दुप्पट दंड."

ज्योतिबानं हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात सोडली, ओले हात पायजम्याला पुसले आणि पाकीट लांबूनच बघितलं. वहीच्या कागदाचं, भाताच्या शितांनी चिकटवलेलं. वर त्याचं नाव आणि रांजणगावातल्या पंक्चरच्या दुकानाचा पत्ता. पाठवणाऱ्याचं नाव नाही. ज्योतिबाला वाचता येत नव्हतं, पण लेकीचं अक्षर तो हजारात ओळखायचा. उजवीकडं कललेलं, दाबून लिहिलेलं.

"जाईचंच हाय," तो हसला. "न्या माघारी."

"एकदा घेऊन तर बघा. ह्या महिन्यातलं दुसरं हाय."

"दुसरं? मग तर लईच मजेत हाय म्हणायची!"

भिमाजीनं पाकिटावर 'घेण्यास नकार' असं लिहिलं आणि ते पिशवीत टाकलं. असली पाकिटं पुढं कुठं जातात, हे ज्योतिबानं त्याला कधी विचारलं नव्हतं.

आदल्या वर्षीपर्यंत असं नव्हतं. दौंडच्या पलीकडं दिलेली जाई महिन्याला एक आंतरदेशीय पत्र पाठवायची. भिमाजी ते दुकानातच उभ्यानं वाचून दाखवायचा. घरी ऐकायला दुसरं होतंच कोण? बायको भामाबाई जाऊन चार वर्षं झाली होती. मग २००१ च्या जूनमध्ये टपालाचे दर वाढले आणि जाईची पत्रं थांबली.

नागपंचमीला ती माहेरी आली तेव्हा भाकरी थापता थापता म्हणाली, "आबा, पत्राला पैसं मागितलं की सासूबाई लई बोलत्यात. तिकीट महागलं म्हणत्यात."

"मग नगं लिवूस," ज्योतिबा म्हणाला. "पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तरी मला कळतं, पोरगी बरी हाय. आतलं मला कुठं वाचता येतंय?"

तो थट्टेनं बोलला होता. जाई हसली नाही. तिला आणखी काहीतरी सांगायचं होतं. पण तव्यावरची भाकरी करपायला लागली आणि ते तसंच राहिलं.

दिवाळीला सासरच्यांनी तिला पाठवलं नाही. घरात काम आहे, असा निरोप आला. त्यानंतर पंधरा दिवसांनी पहिलं बिनतिकिटाचं पाकीट आलं.

ज्योतिबाला ते बघताक्षणी उलगडलं. पोरीनं आपलं बोलणं मनावर घेतलं! आत कोरा कागद असणार, नाहीतर तोही नसणार. बापानं अक्षर बघायचं, खुशाली समजून घ्यायची आणि पाकीट परत करायचं. ना तिकीट, ना दंड. त्याला लेकीचं फार कौतुक वाटलं. कंपनीतली पोरं मोटारसायकलची हवा भरायला आली की तो त्यांना सांगायचा, "सरकार दर वाढवतंय, आन् माझी सातवी शिकलेली पोर फुकटात खुशाली धाडती." पोरं हसायची. त्याची छाती फुगायची.

अशी पाच पाकिटं आली. पाची त्यानं परत केली. मग ती यायची थांबली.

शिमगा गेला, पाडवा गेला. भिमाजी रोज दुकानावरून जायचा आणि ज्योतिबानं मान वर केली की हातानंच नाही म्हणायचा. लेकीच्या दारात बापानं सारखं जाऊ नये, असं ज्योतिबा मानायचा. पण वैशाख लागल्यावर त्याला राहवेना. एका सकाळी त्यानं दुकान उघडलंच नाही. शिरूरला जाऊन दौंडची एसटी धरली. दौंडला उतरून अर्धा किलो पेढे घेतले आणि पुढं जीपनं लेकीच्या गावी पोचला. सारा मिळून तीन तासांचा रस्ता.

जावई घरात नव्हता. विहीणबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी या म्हणायच्या आधीच सांगून टाकलं, "विहिरीवर पाय घसरून पडली व्हती ती. आता बरी हाय."

जाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. अंगावरचं मांस पार उतरलं होतं. तांब्या तिनं उजव्या हातात धरला होता. डावा हात कोपरातून वाकडाच जुळून आला होता, तो तिनं पदराखाली घेतला.

आत, चुलीजवळ दोघंच बसल्यावर ज्योतिबानं पेढ्यांचा पुडा तिच्या मांडीवर ठेवला आणि उसनं हसू आणून विचारलं, "पाकिटं का गं बंद केलीस? म्या वाट बघत व्हतो."

जाईनं चमकून वर बघितलं.

"मिळाली व्हती तुम्हाला?"

"व्हय तर! पाचीच्या पाची मिळाली."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, रागही नव्हता. मांडीवरचा पुडा तिनं उचलून त्याच्यासमोर ठेवला आणि अंगणात ऐकू जाणार नाही अशा बारीक आवाजात म्हणाली,

"मला वाटलं, दंडाला पैसं न्हाईत म्हणून तुम्ही घेत नसाल. त्याच आशेवर जगले, आबा. तुम्ही पाची वाचून घेऊन बी आला न्हाईत व्हय?"