पदरातल्या शेंगा

“दोन दिवस नुसतं पाणी. पोटात कण नको!” सिस्टरांचा तीन महिन्यांपूर्वीचा आवाज रंभाबाईच्या कानातून जात नव्हता. शहात्तर साली दुर्बिणीनं आतडं तपासणारे डॉक्टर सोलापूरच्या दवाखान्यात महिन्यातून एकदाच येत. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याचा सुकलेला चेहरा बघवेना, म्हणून तिनं पदराच्या गाठीतल्या भाजक्या शेंगा सोलून त्याच्या तळहातावर ठेवल्या होत्या. “खावा की, उपासाला चालत्यात.” सकाळी डॉक्टर खेकसले, “पोट साफ नाही. आता तीन महिन्यांनंतरचीच तारीख मिळेल!” नवरा म्हणाला, “माझंच चुकलं,” आणि ती गप्प राहिली. आज ती तारीख उगवली. डॉक्टरांनी दुर्बीण बाजूला ठेवली. “गाठ वाढलीय. तेव्हाच दिसली असती, तर काढता आली असती. का खाल्लंत?” नवऱ्यानं मान खाली घातली. पदराची गाठ सोडत ती म्हणाली, “सायेब, त्यांनी मागितल्या न्हवत्या. शेंगा मीच चारल्या.”