टीव्हीतल्या मुंग्या

शेवटची वायर सोल्डर केली, टीव्ही लावला आणि काय सांगू तुम्हाला, पडद्यावरच्या सगळ्या मुंग्या गायब. आमच्या लहानपणीच्या व्हिडिओ गेमचं चित्र इतकं स्वच्छ मी जन्मात पाहिलं नव्हतं. भिंतीची वीट न् वीट मोजता येत होती.

हा सगळा खटाटोप ताईचं तोंड बंद करायला होता. रणगाड्यांच्या लढाईत पांढरा रणगाडा कायम माझा, आणि पंधरा वर्षं ती हरली की एकच म्हणायची, “तुझ्या पांढऱ्या गोळ्या मुंग्यांत दिसतच नाहीत.” म्हणून मी गेम उघडला, चित्र खराब करणारी पत्र्याची डबी उपटून कचऱ्यात टाकली आणि वायर थेट टीव्हीला जोडली.

“बस आता,” मी म्हटलं. “बघू काय कारण देतेस.”

ताईने ओढणी खोचली. माझी पहिली गोळी तिने चुकवली, दुसरीही चुकवली आणि मग माझा रणगाडा लागोपाठ पाच वेळा उडवला.

“मस्त दिसतंय रे,” ती म्हणाली. “अजून एक डाव?”

“थांब जरा,” म्हणत मी कचऱ्याचा डबा उपडा केला आणि ती पत्र्याची डबी शोधायला लागलो.