फर्गिव्हची उजळणी

"फर-गिव," दलिचंद शेठ म्हणाले.

"फर्गिव्ह. शेवटचा व्ह दातात धरा, शेठ."

"दात माझे असते तर धरला असता. हे डॉक्टरनं बसवलेत, ते माझं ऐकत नाहीत."

झुलाल सर हसले. चाळीस वर्षं पाचोऱ्यात त्यांनी इंग्रजी शिकवलं. हाताखालून गेलेली पोरं एका जागी बसवली तर आगगाडीला चार डबे जास्तीचे जोडावे लागतील. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचा कापड दुकानदार एकच क्रियापद शिकायला वही घेऊन येतो, हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. मुदतही ठरलेली होती. पर्युषणाचे आठ दिवस. आठव्या दिवशी संवत्सरी, म्हणजे सगळ्यांची क्षमा मागायचा दिवस. त्याच्या आत क्रियापद तोंडात बसायला हवं होतं.

कुणासाठी, हे सरांनी विचारलं नाही. अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. शेठचा एकुलता एक अनुज कॅनडात गेला तो परत आलाच नाही. लग्न तिकडेच केलं. नातू अर्हम दहा वर्षांचा झाला, पण आजी-आजोबांनी त्याला मोबाइलच्या काचेतच पाहिलेला. बापलेकाचं बिनसलं, असं लोक म्हणत. कशावरून, ते जो तो आपल्या मनाने सांगे. शेठ हो म्हणत नसत की नाही.

"आमच्या मंडळींनी उपास धरलाय," शेठ म्हणाले. "आठ दिवस, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. धनकुंवर म्हणते, अनुजला एकदा उंबरठ्यात बघू दे. मग मी मोकळी."

"मग मराठीत सांगा ना पोराला. नाहीतर मारवाडीत."

"मारवाडीत निघत नाही तोंडातून. आणि बाजूला नातू असतो, सून असते. त्यांनाही कळायला हवं."

शेठनी टेबलावर मोबाइल ठेवला आणि लाल बटण दाबलं. पहिल्या दिवसापासून त्यांची हीच रीत. सर बोलतील ते भरून घ्यायचं आणि घरी जाऊन घोकायचं.

सरांनी मन लावून शिकवलं. एक्सक्यूज म्हणजे पायावर पाय पडला तेव्हाचं. सॉरी म्हणजे आपल्याला वाईट वाटलं, एवढंच. फर्गिव्ह त्याच्या पुढचं. ते मागणाऱ्याच्या हातात नसतं, देणाऱ्याच्या असतं. आणि एकदा दिलं की परत घेता येत नाही.

"परत घेता येत नाही?" शेठनी वहीत लिहून घेतलं. "नक्की?"

"परत घेतलं तर ते दिलंच नव्हतं म्हणायचं."

रविवारी सर म्हणाले, "उद्या धडा नाही. महिन्याचा पहिला सोमवार. मी धुळ्याला जातो."

"अजून जाता?"

"अजून जातो."

मंगळवारी शेठ आले तेव्हा सर फळा पुसत होते. शेठनी बाटलीतलं पाणी दोन घोट घेतलं.

"काय म्हणाले धुळ्याला?"

"काय म्हणणार! गाडी सापडली नाही, चालवणारा सापडला नाही. पोलीस कचेरीतला कारकून बदलतो, वाक्य बदलत नाही." सरांनी खडू उचलला. "सारिका असती तर आज एकतीस वर्षांची असती. कॉलेजातून खोलीवर चालली होती माझी पोर. उडवल्यावर तो थांबला असता ना शेठ, तर वाचली असती. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास जीव होता."

शेठनी वहीतून मान वर केली नाही.

"सर, त्या माणसासाठी हे क्रियापद..."

"तिथं ते चालत नाही."

"मग कोणतं चालतं?"

"इंग्रजीत नाही. आमच्या अहिराणीत बठ्ठे शेतस, सगळी आहेत, पण पर्युषणात तुमच्या कानावर नको."

शेठनी वहीचं कोरं पान उघडलं. मग हळूच म्हणाले, "आता नाव घालून वाक्य सांगा. मला जे म्हणायचं, ते पुरतं."

"म्हणजे बाप पोराला म्हणतोय, तसं?"

"मोठा माणूस पोराला म्हणतोय, तसं."

सरांना त्या म्हाताऱ्याचा कळवळा आला. आपली पोर तर परत यायची नाही; निदान याचं पोर यावं. अनुज त्यांच्याच वर्गातला. आठवीत शेवटच्या बाकावर बसायचा, उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही. त्यांनी घसा साफ केला आणि वर्गात म्हणत तसं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "अनुज, आय फर्गिव्ह यू."

"अजून एकदा. जरा मायेनं."

"माया तुम्ही घाला, शेठ. तुमचा पोरगा."

"मला तुमचं ऐकून जमेल."

सरांनी डोळे मिटले. "अनुज, माय बॉय. आय फर्गिव्ह यू. कम होम."

शेठनी बटण बंद केलं. मोबाइल खिशात घालताना दोनदा बाहेरच राहिला. जाताना ते सरांच्या पाया पडायला वाकले.

"अहो शेठ, वयानं मोठे तुम्ही!" सरांनी त्यांना अर्ध्यावरच धरलं.

त्यानंतर शेठ धड्याला आले नाहीत. संवत्सरीलाही नाही. दरवर्षी त्या दिवशी पहिला नमस्कार सरांच्याच दारात व्हायचा. म्हातारा उपासानं थकला असेल, असं सरांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा थांबली. धनकुंवर उतरल्या. आठ दिवसांत अंगावर साडी तेवढी उरली होती. पायरीवरच त्यांनी हात जोडले.

"खमतखामणा, सर."

"कसली क्षमा, अक्का! या, बसा. पारणं झालं का?"

"झालं. तिकीट काढलं हो त्यानं. दिवाळीला येतोय."

"अनुज? वा! म्हणजे शेठना जमलं म्हणायचं."

"यांना कुठलं जमतंय? तुमचाच आवाज पाठवला." धनकुंवरनी पदर डोळ्यांना लावला. "रात्रभर रडला माझा पोरगा. म्हणाला, आई, सारिकाच्या वडिलांनी मला माफ केलं."