मऊ पेडल

"दाब," शेडमध्ये गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले आजोबा म्हणाले. "अजून एकदा. आता धर."

"धरलंय," ड्रायव्हरच्या सीटवरून आजी म्हणाल्या.

आजोबांनी पाना हलकेच फिरवला. ब्रेकमधली हवा काढायच्या निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून ब्रेकचं तेल खालच्या बाटलीत उतरलं, आणि तेलाबरोबर बुडबुडे. बारीक, एकामागून एक. त्यांनी निपल आवळलं.

"सोड."

सकाळपासून हेच चाललं होतं. ब्रेकच्या नळ्यांमध्ये हवा शिरली असलीच, तर एव्हाना ती निघून जायला हवी होती. पण ती संपायचं नाव घेत नव्हती. उलट, काम सुरू केलं तेव्हा पेडल एवढं मऊ नव्हतं, असं आजोबांना राहून राहून वाटत होतं.

नात एक मोठी बॅग ओढत दारात आली. उद्या पहाटे तिला घाटापलीकडच्या वसतिगृहात सोडायचं होतं.

"आजोबा, झाली का गाडी?"

"होतेय."

ती आत गेली. आजोबांनी कपाळ पुसलं. सगळा जन्म बस चालवण्यात गेला होता त्यांचा. उतारावर ब्रेक मऊ पडला की काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पाय खाली जात राहतो आणि गाडी पुढे. मागच्या सीटवर नात.

"मी काय म्हणते," आजी खिडकीतून म्हणाल्या, "तिला बसने जाऊ दे. मी जाते सोबत."

"घरात ड्रायव्हर बसलेला असताना नात बसने? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"लोकांचं राहू दे. तुम्ही आधी डॉक्टरांकडे चला. बरेच दिवस सांगतेय."

"खांबाला गाडी धडकली, मी नाही. डॉक्टर गाडीला हवा."



त्याच आठवड्यात बाजारातून परत येताना गाडी घराच्याच फाटकावर जाऊन आदळली होती. खांबाचा कोपरा उडाला, पुढचा दिवा फुटला, आजींचं कोपर सोलवटलं. शेजारीपाजारी धावत आले. ब्रेक लागलाच नाही, असं आजोबांनी सगळ्यांना सांगितलं. पेडल दाबल्याचं त्यांना नीटसं आठवत नव्हतं, पण इतकी वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस ब्रेक दाबायला विसरतो होय? आजींनी काचा झाडून काढल्या आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाही.

आजोबा गाडीखाली सरपटत गेले. नळीचा एकेक जोड त्यांनी बोटांनी चाचपला. सगळे कोरडे. ब्रेकच्या टाकीतलं तेल काठोकाठ. मग हवा येते कुठून? त्यांना घाम फुटला. सगळे उपाय संपले होते आणि दिवस कलायला लागला होता.

"शेवटचं बघू," ते बाहेर येत म्हणाले. "मी निपल आवळेपर्यंत पाय जागचा हलवायचा नाही. मध्येच उचललास तर तेल बाहेर यायचं सोडून हवाच आत ओढली जाते."

"कळलं हो. सकाळपासून तेच तर सांगताय."

"दाब. दाब. धर."

शेडच्या मागच्या भिंतीवर ब्रेकच्या दिव्यांचा लाल उजेड पडला.

"धरलंय."

त्यांनी पाना फिरवला. घामाचा थेंब डोळ्यात गेला, तो झोंबला, म्हणून त्यांनी खांद्याला डोळा पुसायला मान वळवली. भिंत काळोखी होती.

नळीत बुडबुडे नाचत होते.

"धरलंयस ना?" त्यांनी विचारलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"धरलंय."

आजोबांनी निपल आवळलं. गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि गाडीला धरत धरत पुढच्या खिडकीशी आले. आजींनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते. पेडल मोकळं होतं.

"सकाळपासून?"

आजींनी मान डोलावली.

"अगं, मी वेडा व्हायचा बाकी होतो. घाटात नेणार होतो मी ही गाडी."

"नसती नेलीत. असलं पेडल लागल्यावर तुम्ही फाटकाबाहेर काढत नाही गाडी, एवढं ओळखते मी तुम्हाला."

"पण का?"

घरातून नातीच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. आजी हळू आवाजात, आत ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलल्या.

"त्या दिवशी फाटक उघडायला मी खाली उतरले होते. गाडी माझ्याच अंगावर येत होती, म्हणून मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचे डोळे मिटलेले होते."