टाकीची बातमी

परीक्षेच्या दालनाबाहेर वृषालीच्या हातातलं कडं पुन्हा थरथरलं आणि त्यातून आवाज आला. "तुमची बातमी एका वादात वापरली आहे. ती खरी आहे का? एका मिनिटात सांगा."

"हो, खरी आहे," ती म्हणाली. सकाळपासूनची ही एकशे बारावी वेळ.

बातमी चार ओळींची होती. वसतिगृहाच्या टाकीचं पाणी पिऊन नऊ मुली आजारी पडल्याचं तिने महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. त्यावरून टाकीला कुलूप लागलं. पण कुणीतरी बातमीचा फोटो काढला. आता मुलींना बाहेरगावी शिकायला पाठवावं का, इथपासून नगरपालिका कुणी बुडवली, इथपर्यंतच्या ऑनलाइन भांडणांत तीच बातमी एकमेकांच्या तोंडावर फेकली जात होती. लिहिणाऱ्याने एकदा जरी वेळेत उत्तर दिलं नाही, तरी ऑनलाइन वादांच्या नियमाप्रमाणे बातमी खोटी ठरणार होती आणि टाकीचं कुलूप निघणार होतं.

"भोगले, कडं काढून ठेव आणि आत ये," दारातून शिरोडे सर म्हणाले. "वर्ष वाया घालवतेस का, बाई?"

"सर, तीन तास कुणी भांडणार नसेल तर येते."

सर हसले नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं.

कडं थरथरलं.

"त्या नऊ जणींतल्या दोघी अजून दवाखान्यात आहेत," वृषाली रडवेली होऊन म्हणाली. "त्यांच्याबद्दल कुणी विचारलं का?"

"फक्त हो किंवा नाही म्हणा. वीस सेकंद उरले आहेत."

बंद दाराकडे बघत ती म्हणाली, "हो."