एकाच बोटीवर

"नॅन्स, हो म्हणू नकोस," डायना तिच्या कानाशी कुजबुजली. "तुझा होकार नसेल तर न्यू जर्सीच्या हद्दीबाहेर कुणाचा बाप तुला नेऊ शकत नाही. कायदाच आहे तसा."

"ठाऊक आहे मला."

जज्जसाहेबांच्या खोलीबाहेर वेगवेगळ्या मालकांकडून विकत घेतलेले नऊ गुलाम रांगेत उभे होते. एकेकाला आत बोलावून विचारायचं, स्वखुशीनं जातोस का? पेनसिल्व्हेनियात वर्षभर शेतकाम, वर नवे कपडे, अशी थाप दलाल प्रूडेननं मारली होती. बोट थेट दक्षिणेला न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात जाणार हे सगळ्यांना कळत होतं. पण प्रूडेनचा चाबूक दारातच टांगलेला होता, त्यामुळे नाही म्हणायची कुणाची छाती होत नव्हती.

आतून सहा वर्षांची पेग बाहेर आली. हातात केकचा तुकडा होता.

"मी हो म्हटलं, मावशी!"

डायनाच्या शेजारून पुढं होऊन तिनं पोरीला जवळ ओढलं. मावशी म्हणायचं, हे पहाटे तिनंच पोरीला बजावलं होतं.

"मावशी म्हणे!" डायना पुटपुटली. "डोळे बघ की, तुझेच आहेत. मला कसली फसवतेस?"

"हळू बोल. आई-लेकी दिसल्या की हे लोक मुद्दाम ताटातूट करतात."

"अगं, पोर तर गेलीच आता. निदान तू तरी सूट."

"तिला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही, डायना."

"येडी आहेस तू."

"असेन."

प्रूडेननं यादीवर बोट ठेवलं. "नॅन्स! बाकीच्यांना ओढून आणावं लागलं, ही बया मात्र आपल्या पायांनी चालत आली. शिका जरा!"

ती ताठ मानेनं आत गेली. जज्जसाहेबांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"नाव?"

"नॅन्स."

"वय?"

"अठ्ठावीस."

"स्वखुशीनं जातेस?"

"हो साहेब. सगळे एकाच बोटीवर ना?"

"एकाच. कर फुली."

तिनं लेखणी बोटांत नीट धरली. मग काहीतरी आठवल्यासारखी ती मुठीत पकडली आणि वेडीवाकडी फुली मारली. तिचा जीव भांड्यात पडला.

त्याच सकाळी डेलावेअर नदीच्या पलीकडच्या काठावर एक बाई होडीतून उतरली. ती खरी नॅन्स होती. नावाड्यानं तिच्याकडे कागद मागितला. आदल्या दिवशी पेगच्या आईनं तिच्या हातात कोंबलेला कागद तिनं पुढं केला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून नावाड्यानंच तो मोठ्यानं वाचला: "युनिस हिला मालकानं तीन वर्षांपूर्वी गुलामीतून मुक्त केलं आहे. तिची मुलगी पेग मालकाकडेच राहील. युनिस मात्र कायमची स्वतंत्र आहे. तिला मन मानेल तिथं जाता येईल."